एका बिंदूचा नकाशा

वसंतातील रात्री सप्तर्षींच्या शेजारी, शामशबल या लहान तारकासमूहात, एक ठळक तारा दिसतो. पाश्चात्त्य ज्योतिषी त्यास कोर कॅरोली म्हणतात. दुर्बिणीतून त्याचे दोन तारे होतात. त्यांतील तेजस्वी तारा शंभराहून अधिक प्रकाशवर्षे दूर असल्यामुळे केवळ बिंदू दिसतो. तरी या बिंदूवर सिलिकॉन कोठे साचले आहे आणि युरोपियम कोठे, याचे नकाशे आज तयार आहेत. जे डोळ्यांनी पाहिले नाही, त्याचा नकाशा खरा मानावा काय?

उत्तरासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १८९७ मध्ये हार्वर्ड वेधशाळेच्या अँटोनिया मॉरी यांनी या ताऱ्याच्या वर्णपटाचे वेगळेपण नोंदविले. १९०६ मध्ये लुडेनडॉर्फ यांना त्यातील काही रेषा कमीअधिक ठळक होताना आढळल्या. १९१३ मध्ये रशियातील बेलोपोल्स्की यांनी दाखविले की, हा बदल सुमारे साडेपाच दिवसांनी पुन्हा पुन्हा होतो आणि रेषा किंचित सरकतातही.

नकाशाची किल्ली या सरकण्यातच होती. तारा स्वतःभोवती फिरतो. त्यावरील डाग आपल्याकडे येत असता त्याची रेषा वर्णपटाच्या जांभळ्या बाजूस सरकते, दूर जाताना तांबड्या बाजूस. डाग समोर आला की रेषा मध्यावर येते. म्हणजे रेषेच्या स्थानावरून डागाचे स्थान कळते.

पण वायूच्या गोळ्यावर एखादे मूलद्रव्य एकाच जागी टिकावे कसे? १९४७ मध्ये अमेरिकेतील होरेस बॅबकॉक यांनी कन्या राशीतील ७८ क्रमांकाच्या ताऱ्यावर सुमारे १,५०० गाउसचे चुंबकीय क्षेत्र आढळल्याचे जाहीर केले. पृथ्वीचे क्षेत्र अर्ध्या गाउसच्या आसपास असते, हे लक्षात घ्यावे. १९५० मध्ये स्टिब्ज यांनी चुंबकाचा अक्ष फिरण्याच्या अक्षाशी तिरपा असल्याची कल्पना गणिताने मांडली. पुढे १९७० मध्ये मिशो यांनी सुचविले की, अशा शांत वातावरणात काही मूलद्रव्ये वजनाने खाली बसतात, तर काहींना प्रकाशाचा रेटा वर उचलतो.

प्रत्यक्ष नकाशाचे गणित आर्मिन डॉइश यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केले. अडचण अशी की, त्याच रेषांना अनेक नकाशे लागू पडतात. १९७७ च्या सुमारास सोव्हिएत संशोधकांनी, गोंचार्स्की आणि खोखलोवा यांनी, निरीक्षणांना पुरेल असा सर्वांत साधा नकाशा निवडण्याची रीत बसविली.

म्हणून हे नकाशे छायाचित्रे नव्हेत, हे आपण विसरू नये. ताऱ्याचा जो भाग आपल्याकडे कधी वळतच नाही, तेथे ते मुके असतात. मिशो यांच्या तत्त्वावर आधारलेली गणितेही त्यांच्याशी सर्वत्र जुळत नाहीत. तथापि नवी रात्र, नवी रेषा घेऊन प्रत्येक नकाशा पुन्हा तपासता येतो. आमच्या मते त्याच्यावर विश्वास ठेवावा तो याच कारणासाठी, आणि तेवढाच.