गोदीची मोजदाद आणि माणसांची

प्रस्थापित इतिहासात बंदर म्हणजे माल. किती आला, किती गेला, किती अडकला याची नोंद काटेकोर असते. तो माल ज्यांच्या पाठीवरून गेला त्यांना शोधू लागलो, की कागद मुके होतात. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिलाच. म्हणून हा मुकेपणा मला केवळ संशोधनाची अडचण वाटत नाही.

१४ एप्रिल १९४४ चे उदाहरण घेऊ. 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभे होते. पोटात सुमारे १४०० टन स्फोटके, हजारो कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. स्फोटकांची जहाजे गोदीत आणू नयेत हा नेम युद्धाच्या घाईने मोडला होता. कापसाने पेट घेतला आणि चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले. शेजारची जहाजे, वखारी, वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. युद्धाची रसद पुरवणारे बंदर ठप्प झाले. सुमारे ८००० माणसे सात महिने राबली आणि सुमारे पाच लाख टन राडारोडा व माल हलवला, तेव्हा कुठे गोद्या पुन्हा चालू झाल्या.

आता मोजदाद पाहा. अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर सप्ताह पाळतात, आणि तो पाळलाच पाहिजे. सोन्याच्या विटांचा हिशेब होता. त्या पुढे कित्येक वर्षे गाळातून निघत राहिल्या. पण एकूण मृतांचा आकडा कुठे ८००, तर कुठे १३००. पाचशे माणसांचा फरक! हजेरीपटावर कायम नाव नसलेला माणूस मेला तरी तो कोणाच्या वहीत कमी होणार?

गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. गोदीत, रेल्वेत अंगमेहनतीचे काम मिळे. पण ते रोजंदारीचे, टोळीवाल्याच्या मर्जीचे. जहाज आले तर पोटाला, नाही तर उपास. त्या दिवशी मजूर खाते बाबासाहेबांकडे होते आणि त्यांचा वाढदिवसही तोच. या योगायोगाला अर्थ चिकटवण्याचे कारण नाही. महत्त्वाचे हे, की मजुराची नोकरी हा राज्याच्या जबाबदारीचा विषय आहे, ही भूमिका त्यांनी त्या खात्यात मांडली. १९४८ मध्ये गोदी कामगारांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा झाला. नोंदणी आली, म्हणजे नाव आले.

पुढे कंटेनर आले, १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि गोदीतले हात कमी झाले. २०२० मध्ये महामारीने सुमारे चार लाख खलाशी मुदत संपूनही जहाजांवर अडकले. २०२१ च्या अखेरीस लॉस एंजेलिसबाहेर शंभरावर जहाजे खोळंबली होती. जगाने खोळंबलेले कंटेनर मोजले.

विद्यार्थ्यांनो, घरात गोदीचा बिल्ला, पास, पगाराची चिठ्ठी असेल तर रद्दीत टाकू नका. म्हाताऱ्यांना टोळीतल्या माणसांची नावे विचारा, लिहून ठेवा. मालाचा इतिहास लिहून झाला आहे. माणसांचा आपल्यालाच लिहावा लागेल.