शब्दही हवा, सूरही हवा



मागच्या महिन्यात आमच्या गटाने या रेडिओसाठी एक गाणं रेकॉर्ड केलं. घराच्या उताऱ्यावर बाईचंही नाव लागावं, असं सांगणारं. चाल सगळ्यांना आवडली. पण शेजारच्या वाडीतल्या बायकांनी विचारलं, "आकाशातल्या ताऱ्याचं गाणं होतं का?" आम्ही 'उतारा' म्हणताना 'उ' एवढा ओढला, मध्येच श्वास घेतला आणि पुढे नुसता 'तारा' उरला! हसलो खूप, पण मनाला लागलं. मोठ्या गायकांनी हे कसं सांभाळलं असेल, ते आम्ही शोधू लागलो.

मूळ अडचण आपल्या तोंडातच आहे. आ, ई, ऊ म्हणताना श्वास मोकळा वाहतो, म्हणून सूर त्यांच्यावर टिकतो. क, ट, प म्हणताना श्वास क्षणभर अडतो. अक्षरं ठोकून म्हटली तर सूर तुटतो, सैल सोडली तर अर्थ हरवतो.

ख्यालाच्या बंदिशीत शब्द थोडे असतात, दोन-चार ओळींचे. त्यांवर गायक बराच वेळ राग फुलवतो. किराणा घराण्याच्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी पहिला मान सुराला दिला. आग्रा घराण्याने बंदिशीचे बोल घेऊन लयीशी खेळण्यावर भर दिला. घराण्याप्रमाणे तराजूचं पारडं थोडं इकडे, थोडं तिकडे.

महाराष्ट्रात हा तराजू नाटकाने हलवला. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं. नाटकात पद म्हणजे पात्राचं बोलणंच. शकुंतला काय म्हणते ते कळलं नाही, तर पद वाया गेलं. तेव्हा माइक नव्हता. शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसापर्यंत शब्द गळ्यानेच पोचवायचा. पुढे बालगंधर्वांना भास्करबुवा बखल्यांची तालीम मिळाली. १९१६ च्या 'स्वयंवर' नाटकाच्या चाली भास्करबुवांच्याच. त्यात रागदारी भरपूर, तरी रुक्मिणीचं मन शब्दांतून कळायचं.

पण सख्यांनो, ही शकुंतला आणि ही रुक्मिणी, दोघी पुरुषच होते. बाईचं बोलणं पुरुषाच्या गळ्यातून येत होतं. गाणाऱ्या बाईकडे समाज वाकड्या नजरेने पाहायचा.

अशा काळात मिरजेला १९०५ साली हिराबाई बडोदेकरांचा जन्म झाला. अब्दुल करीम खाँ यांची ही लेक. सुराचा वारसा घरातच होता. पण त्या नाटकातही उतरल्या, आणि तिथे नुसता सूर भागत नाही. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतात. ख्याल, नाट्यपद, भावगीत असं सगळं त्या शांतपणे, नेटकेपणाने गायल्या. बाईने सभेत बसून मानाने गायचं, हे लोकांच्या अंगवळणी पडलं त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

यातून आम्ही आमच्यापुरतं एवढं शिकलो. अक्षर झटकन आणि स्वच्छ म्हणायचं, लांबवायचा तो त्यातला स्वर. 'घर' म्हणताना 'घ' स्पष्ट, त्यातला 'अ' लांब, आणि 'र' शेवटी हलकेच ठेवायचा. शब्दाच्या मध्ये श्वास तोडायचा नाही. गाण्याआधी ओळ एकदा साधी बोलून पाहायची. बोलताना जिथे थांबतो, तिथेच गाताना थांबायचं. आणि हरकत घ्यायचीच, तर शब्द पूर्ण कळल्यावर.

नुसते शब्दच हवे असते तर आम्ही भाषण केलं असतं. पण सुरात बसलेली गोष्ट भाकऱ्या थापतानाही ओठांवर येते. म्हणून दोन्ही हवं.

आता ते गाणं आम्ही पुन्हा गायलो आहोत. या भाषणानंतर लागेल. कान देऊन ऐका आणि कळवा, या वेळी उतारा ऐकू आला, की पुन्हा ताराच?