सार्वजनिक नामुष्की व उमेदवाराची प्रतिमा

राजकारणातील सार्वजनिक नामुष्की म्हणजे उमेदवाराचे किंवा पदाधिकाऱ्याचे चारचौघांत घडलेले आणि पुढे वारंवार दाखविले गेलेले असे बोलणे, वागणे अथवा दिसणे, ज्यामुळे त्याच्याविषयीचा लोकांचा आदर उणावतो. असा प्रसंग बहुधा काही क्षणांचा असतो. मात्र त्याची चर्चा संबंधित व्यक्तीच्या अनेक वर्षांच्या कामावर मात करू शकते. महाराष्ट्रात, विशेषतः मराठवाड्यातील लातूर, नांदेड व जालना या जिल्ह्यांतील नेत्यांच्या बाबतीत, अशी अनेक ठळक उदाहरणे घडली आहेत. त्यांपैकी काहींमुळे मंत्रिपदे गेली. परंतु त्याच नेत्यांना त्यांच्या मतदारांनी प्रत्येक वेळी नाकारले असे दिसत नाही.

संज्ञा

मराठीत या अनुभवाच्या निरनिराळ्या छटांसाठी स्वतंत्र शब्द आहेत. बेत फसून माणसाची त्रेधा उडाली की त्याची ‘फजिती’ होते, लोक हसले की ‘हसे’ होते, तर समाजातील पत गेली की ‘नाचक्की’ होते. ‘नामुष्की’ व ‘नामोशी’ या शब्दांचा संबंध अब्रू या अर्थाच्या फारसी ‘नामूस’ या शब्दाशी आहे. हसे झालेला उमेदवार सावरू शकतो. नामुष्की झालेल्याला मात्र पद सोडण्याचा प्रश्न भेडसावतो.

नामुष्की आणि गैरव्यवहाराचा आरोप या भिन्न गोष्टी होत. आरोपाची चौकशी होते, त्यावर न्यायालय निर्णय देते व व्यक्ती निर्दोषही ठरू शकते. नामुष्कीची चौकशी होत नाही. जे घडले ते सर्वांनी पाहिलेले असते. वाद असतो तो केवळ त्याच्या अर्थाविषयी.

प्रतिमेस हानी पोहोचण्याची कारणे

प्रत्येक चूक नामुष्की ठरत नाही. पुढील परिस्थितीत तिचा परिणाम अधिक होतो असे उदाहरणांवरून दिसते.

१. त्या नेत्याविषयी लोकांच्या मनात आधीपासून असलेल्या समजुतीला प्रसंगामुळे पुष्टी मिळते.

२. दुष्काळ, हल्ला, पूर अशा लोकांच्या दुःखाच्या काळात तो प्रसंग घडतो.

३. त्याचे छायाचित्र, चित्रफीत अथवा ध्वनिफीत उपलब्ध असते व ती कमी वेळात, संदर्भाविना दाखविता येते.

४. स्वपक्षातील प्रतिस्पर्धी किंवा विरोधक त्या प्रसंगाचा उपयोग करण्याच्या तयारीत असतात.

सन २००८ मधील राजीनामे

मराठवाड्यातील दोन ज्येष्ठ नेत्यांची पदे अवघ्या काही दिवसांच्या अंतराने गेली. दोघेही लातूर जिल्ह्यातील होते.

शिवराज पाटील चाकूरकर हे १९८० ते १९९९ या काळातील सलग सात निवडणुकांत लातूरमधून लोकसभेवर निवडून आले होते आणि १९९१ ते १९९६ या काळात लोकसभेचे अध्यक्ष होते. सन २००४ मध्ये लातूरमध्ये रूपाताई पाटील निलंगेकर यांच्याकडून त्यांचा पराभव झाला. त्यानंतर राज्यसभेचे सदस्य या नात्याने ते केंद्रीय गृहमंत्री झाले. १३ सप्टेंबर २००८ रोजी दिल्लीत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्या संध्याकाळी गृहमंत्री वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या पोशाखांत दिसल्याचे वृत्तवाहिन्यांनी दृश्ये शेजारी शेजारी ठेवून दाखविले. नीटनेटकेपणा हा एरवी त्यांचा गुण मानला जात असे. त्या रात्री तोच बेफिकिरीची खूण ठरला. २६ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झालेल्या मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर नैतिक जबाबदारी स्वीकारून त्यांनी ३० नोव्हेंबर रोजी राजीनामा दिला.

त्याच दिवशी मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांनी हल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या ताजमहाल हॉटेलची पाहणी केली. त्यांच्या समवेत पुत्र व अभिनेते रितेश देशमुख आणि चित्रपट दिग्दर्शक राम गोपाल वर्मा हे होते. हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला असताना ही दृश्ये प्रसारित झाल्याने ‘शोकस्थळी चित्रपटाची जागा पाहण्याचा दौरा’ अशी टीका झाली. (वर्मा यांचा या हल्ल्यावरील चित्रपट २०१३ मध्ये प्रदर्शित झाला.) सुरक्षाव्यवस्थेतील त्रुटींमुळे सरकारवर दडपण होतेच, या दौऱ्याने ते असह्य झाले व देशमुख यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले.

उपमुख्यमंत्री व गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी पत्रकारांशी बोलताना, मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना घडत असतात, या आशयाचे हिंदी वाक्य उच्चारले होते. त्यांनीही १ डिसेंबर रोजी राजीनामा दिला. साधेपणा व ग्रामस्वच्छता अभियानासाठी ओळखल्या जाणाऱ्या या नेत्याची अडचण काही अंशी भाषेची होती. तथापि शब्द एकदा ध्वनिमुद्रित झाल्यावर हेतूचे स्पष्टीकरण मागे पडले.

या घडामोडींनंतर ८ डिसेंबर २००८ रोजी नांदेडचे अशोक चव्हाण यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली.

भोकर मतदारसंघ

भोकर हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव असून त्याच नावाचा विधानसभा मतदारसंघ नांदेड लोकसभा मतदारसंघात मोडतो. अशोक चव्हाण २००९ मध्ये मुख्यमंत्री असताना भोकरमधून विधानसभेवर निवडून आले. आदर्श गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणातील आरोपांमुळे नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांना पद सोडावे लागले. हा प्रकार नामुष्कीपेक्षा आरोपाच्या वर्गात बसतो. या प्रकरणी खटला चालविण्यास राज्यपालांनी दिलेली मंजुरी मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये रद्द केली. दरम्यान २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसला महाराष्ट्रात केवळ दोन जागा मिळाल्या. त्यांपैकी एक नांदेडची, अशोक चव्हाण यांची होती. (दुसरी हिंगोलीची, राजीव सातव यांची.)

खऱ्या अर्थाने नामुष्कीचा प्रसंग मार्च २०१९ मध्ये घडला. चव्हाण तेव्हा काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष होते. चंद्रपूर लोकसभा मतदारसंघातील उमेदवारीवरून नाराज असलेल्या एका कार्यकर्त्याशी दूरध्वनीवर झालेले त्यांचे संभाषण समाजमाध्यमांवर पसरले. पक्षात आपले कोणी ऐकत नाही, आपणच राजीनाम्याच्या विचारात आहोत, अशा आशयाचे उद्गार त्यात ऐकू येत होते. ऐन निवडणुकीत प्रदेशाध्यक्षाने हतबलता व्यक्त केल्याचे चित्र निर्माण झाले. पुढे पक्षाने चंद्रपूरचा उमेदवार बदलून सुरेश ऊर्फ बाळू धानोरकर यांना उमेदवारी दिली. त्या निवडणुकीत महाराष्ट्रात काँग्रेसने जिंकलेली ती एकमेव जागा ठरली.

स्वतः चव्हाण मात्र नांदेडमध्ये भारतीय जनता पक्षाचे प्रतापराव पाटील चिखलीकर यांच्याकडून सुमारे ४० हजार मतांनी पराभूत झाले. या पराभवाचे खापर ध्वनिफितीवर फोडता येत नाही, कारण वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराने तेथे दीड लाखाहून अधिक मते घेतली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भोकर विधानसभा मतदारसंघातून चव्हाण ९७ हजारांहून अधिक मताधिक्याने विजयी झाले. चव्हाण यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत त्यांच्या कन्या श्रीजया चव्हाण त्या पक्षातर्फे भोकरमधून निवडून आल्या.

वक्तव्यांमुळे ओढवलेले प्रसंग

सन २०१२-१३ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यातील एक शेतकरी कार्यकर्ता उजनी धरणातील पाण्यासाठी मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषणास बसला होता. एप्रिल २०१३ मध्ये इंदापूर तालुक्यातील सभेत तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी त्याचा उल्लेख करीत, धरणात पाणीच नसेल तर लघवी करून ते भरायचे काय, अशा अर्थाचे विधान केले. पाणीटंचाईने त्रासलेल्या राज्यात त्यावर तीव्र पडसाद उमटले. पवार यांनी क्षमा मागितली आणि १४ एप्रिल रोजी कराड येथे यशवंतराव चव्हाण यांच्या समाधीस्थळी एक दिवसाचे आत्मक्लेश उपोषण केले.

मे २०१७ मध्ये भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष रावसाहेब दानवे यांनी जालना येथे कार्यकर्त्यांशी बोलताना, तूर खरेदी करूनही शेतकरी रडतातच, अशा आशयाचे विधान शिवीवजा शब्दासह केले. तुरीच्या विक्रमी उत्पादनानंतर खरेदी केंद्रांवर शेतकऱ्यांच्या रांगा लागलेल्या असतानाच हे विधान पसरले. पुढे दानवे यांनी दिलगिरी व्यक्त केली.

निवडणूक निकालांशी संबंध

पुढील काळातील निकाल पाहता नामुष्की व मतदान यांचा संबंध सरळ नाही. आर. आर. पाटील ऑक्टोबर २००९ मध्ये तासगाव–कवठे महांकाळ मतदारसंघातून पुन्हा निवडून आले व पुन्हा गृहमंत्री झाले. ऑक्टोबर २०१४ च्या प्रचारात बलात्काराचा आरोप असलेल्या एका प्रतिस्पर्ध्याविषयी बोलताना त्यांनी केलेल्या विधानावरही टीका झाली व त्यांनी माफी मागितली. तरीही ते विजयी झाले. विलासराव देशमुख मे २००९ मध्ये केंद्रीय मंत्री झाले आणि त्याच वर्षी त्यांचे पुत्र अमित देशमुख लातूर शहरातून मोठ्या मताधिक्याने निवडून आले. अजित पवार यांनी २०१४ व २०१९ मध्ये बारामतीची जागा राखली. दानवे २०१९ मध्ये जालन्यातून तीन लाखांहून अधिक मताधिक्याने जिंकले. २०२४ मध्ये कल्याण काळे यांच्याकडून ते पराभूत झाले, पण तेव्हा मराठा आरक्षणाचे आंदोलन व शेतमालाचे भाव हे विषय पुढे आले होते.

शिवराज पाटील यांची स्थिती वेगळी होती. पोशाखाच्या वादावेळी ते राज्यसभेचे सदस्य असल्याने पाठीशी उभा राहील असा मतदारसंघ त्यांच्याकडे नव्हता. पुढे २०१० ते २०१५ या काळात ते पंजाबचे राज्यपाल होते.

या उदाहरणांवरून असे म्हणता येते की पक्षश्रेष्ठींच्या मर्जीवर अवलंबून असलेले पद नामुष्कीमुळे लवकर जाते. स्वतःच्या मतदारसंघातील मतदार मात्र उमेदवाराला अनेक वर्षे ओळखत असतात. रस्ता, कालवा, साखर कारखाना, महाविद्यालय, अडीअडचणीला केलेली मदत यांच्याशी तुलना करूनच ते एका प्रसंगाचे वजन ठरवितात. मतदारसंघाबाहेरील लोकांकडे मात्र त्या नेत्याविषयी बहुधा तेवढे एकच दृश्य असते.

अन्य देशांतील उदाहरणे

अमेरिकेत १९ जानेवारी २००४ रोजी आयोवा राज्यातील पक्षांतर्गत निवडणुकीनंतर हॉवर्ड डीन यांनी भाषणाच्या भरात दिलेली आरोळी दूरचित्रवाणीवर सतत दाखविली गेली. त्यांची उमेदवारी या आरोळीमुळे संपली असे समजले जाते. प्रत्यक्षात त्या दिवशी ते आधीच तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले होते. ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी २८ एप्रिल २०१० रोजी रॉचडेल येथे एका वृद्ध मतदार स्त्रीशी बोलून गाडीत बसल्यावर तिच्याविषयी काढलेले अपमानकारक उद्गार सुरू राहिलेल्या ध्वनिक्षेपकामुळे जगजाहीर झाले. देशात मजूर पक्षाने सत्ता गमावली, परंतु रॉचडेलची जागा त्याच पक्षाने जिंकली. जर्मनीत जुलै २०२१ मध्ये पूरग्रस्त भागात राष्ट्राध्यक्ष बोलत असताना मागे हसताना दिसलेले आर्मिन लाशेट यांचा प्रसंग विलासराव देशमुख यांच्या ताज भेटीशी साम्य असलेला आहे. शोकाच्या जागी शोभणारे गांभीर्य न दिसणे हे दोन्हींतील समान सूत्र होय.

चित्रफितींची सत्यता व कायदा

भ्रमणध्वनीमुळे प्रत्येक सभेचे व खासगी संभाषणाचेही मुद्रण होऊ शकते. त्याचबरोबर काटछाट केलेल्या वा बनावट फितींचा धोकाही वाढला आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३(४) नुसार उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटे विधान प्रसिद्ध करणे हा भ्रष्ट आचार ठरतो. मे २०२४ मध्ये भारत निर्वाचन आयोगाने बनावट ध्वनिचित्रफिती निदर्शनास आल्यापासून तीन तासांत हटविण्याचे निर्देश राजकीय पक्षांना दिले. खऱ्या फितीतील उद्गारांना मात्र हे संरक्षण लागू होत नाही.

मूल्यमापन

अशा प्रसंगांवरील चर्चेचे दोन परस्परविरोधी परिणाम सांगितले जातात. एकीकडे सत्ताधाऱ्यांची जनतेविषयीची खरी भावना त्यातून उघड होते आणि त्यांना उत्तर द्यावे लागते. अजित पवार यांच्या उपोषणामागे हेच दडपण होते. दुसरीकडे मूळ प्रश्न झाकोळला जातो. सन २००८ मध्ये गृहमंत्र्यांच्या पोशाखांची जितकी चर्चा झाली तितकी गुप्तवार्ता व पोलीस यंत्रणेतील उणिवांची सर्वसामान्यांत झाली नाही. उपोषणकर्त्याची मागणी उजनीच्या पाण्याची होती आणि जालन्याच्या शेतकऱ्याची तुरीच्या मापाची. नेत्याने माफी मागितल्यावर वाद मिटला, तरी या मागण्यांचे उत्तर माफीत नव्हते.