इमारत तुमची, पाटी आमची

मॅरियटला ‘हॉटेल कंपनी’ म्हणताना मी हल्ली जरा अडखळतो. तिच्या नावानं जगभर हजारो हॉटेलं चालतात, पण त्यातल्या बहुतेक इमारती तिच्या नाहीत. खरं तर आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना याचं नवल वाटायला नको. स्वतःचा एकही सर्व्हर नसलेल्या कंपन्या आम्ही रोज बघतो. पण क्लाउड हा शब्द आमच्या धंद्यात रुळायच्या कितीतरी आधी मॅरियटनं हे करून दाखवलं होतं. ते करताना कर्ज कुणाच्या पदरात पडलं, हा या गोष्टीतला मला सगळ्यात रस असलेला भाग.

सुरुवात हॉटेलची नाहीच. १९२७ साली जे. विलार्ड मॅरियट यांनी वॉशिंग्टनमध्ये नऊ खुर्च्यांचं रूट बिअरचं दुकान टाकलं. (रूट बिअर म्हणजे दारू नव्हे, गोड सोडा.) थंडीत गार पेय कोण पिणार, म्हणून गरम खाणं ठेवलं आणि दुकानाचं नाव झालं ‘हॉट शॉप’. मग विमानांना जेवण पुरवणं वगैरे झालं. पहिलं हॉटेल उघडलं ते थेट १९५७ साली, व्हर्जिनियात, तेही हमरस्त्यावर गाडीनं येणाऱ्यांसाठी. म्हाताऱ्या मॅरियटना कर्जाचं वावडं होतं. मुलगा बिल मात्र वेगळ्या मुशीतला. १९७२ साली तो सीईओ झाला आणि कंपनी बांधत सुटली.

ऐंशीच्या दशकातली त्यांची पद्धत अशी: कर्ज काढून हॉटेल बांधायचं, ते गुंतवणूकदारांच्या गटाला विकायचं आणि चालवण्याचं कंत्राट मात्र आपल्याकडे ठेवायचं. विकून आलेल्या पैशातून पुढचं हॉटेल. गुंतवणूकदारांना करात सवलत मिळायची, म्हणून गिऱ्हाइकांची वाण नव्हती. १९८६ साली अमेरिकेनं करकायदा बदलला आणि ती सवलत गेली. तरी बांधकाम काही थांबलं नाही. १९९०च्या सुमारास बांधकाम-बाजारच कोसळला, तेव्हा कंपनीच्या गळ्यात न विकली गेलेली हॉटेलं होती आणि त्यांच्यासाठी काढलेलं अब्जावधी डॉलर्सचं कर्ज.

१९९२ साली स्टीफन बोलेनबाख हे अर्थप्रमुख म्हणून आले. त्याआधी ते डोनाल्ड ट्रम्प यांची कर्जं निस्तरत होते, म्हणजे अनुभव दांडगा! त्यांनी काढलेला तोडगा कुठल्याही मराठी घराला कळेल: वाटणी. कंपनीचे दोन तुकडे करायचे. एकाकडे ब्रँड, कंत्राटं आणि दरमहा येणारी फी. दुसऱ्याकडे इमारती आणि बहुतेक सगळं कर्ज. पहिला तुकडा म्हणजे मॅरियट इंटरनॅशनल, प्रमुख बिल. दुसरा होस्ट मॅरियट, अध्यक्ष धाकटा भाऊ रिचर्ड.

ऑक्टोबर १९९२मध्ये ही घोषणा झाली. शेअर वर गेले, रोखे धाडकन खाली आले. साहजिकच होतं. भागधारकांना दोन्ही कंपन्यांचे शेअर मिळणार होते. रोखेधारकांना मात्र कर्जात बुडालेल्या अर्ध्यावर भिस्त ठेवायची होती. त्यात काही रोखे तर जेमतेम सहा महिन्यांपूर्वी विकलेले. पैसे घेताना ही योजना आमच्यापासून लपवली, असं म्हणत ते कोर्टात गेले. मोठ्या गटाशी तडजोड झाली, योजनेत थोडे बदल झाले आणि ऑक्टोबर १९९३मध्ये वाटणी पार पडली. धंदा म्हणून ती हुशारीची होती, हे मी मान्य करतो. होस्टही बुडाली नाही, उलट पुढे मोठी झाली. पण आधी उधार घ्यायचं आणि मग ठरवायचं की ते फेडणारी कंपनी वेगळी, हे मला काही केल्या पचत नाही.

मॅरियट इंटरनॅशनल मात्र मोकळी झाली. नवं हॉटेल म्हणजे आता नवं कर्ज नव्हे, नवं कंत्राट. इमारत कुणीतरी बांधतं, ओझं तो वाहतो. मॅरियट नाव देते, बुकिंगची यंत्रणा देते आणि महसुलातले काही टक्के घेते.

हे बघायला अमेरिकेला जायची गरज नाही. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेवरचं उंच हॉटेल बघा. २०१२च्या शेवटी ते शांग्री-ला म्हणून उघडलं. वर्षाच्या आत करार मोडला आणि पाटी लागली ‘पॅलेडियम’. २०१५मध्ये ते झालं सेंट रेजिस, म्हणजे स्टारवुड या अमेरिकी कंपनीचा ब्रँड. इमारत तीच, मालक तोच. २०१६च्या सप्टेंबरमध्ये मॅरियटनं स्टारवुडच विकत घेतली, सुमारे १३ अब्ज डॉलर्सना. आता पाटी तीच राहिली आणि पाटीचा मालक बदलला!

या सौद्यानं मॅरियट जगातली सगळ्यात मोठी हॉटेल कंपनी झाली. पण १३ अब्ज देऊन नक्की घेतलं काय? शेरेटन, वेस्टिन अशी नावं, कंत्राटं आणि कोट्यवधी पाहुण्यांची माहिती. दुसऱ्याची जुनी यंत्रणा आपल्यात सामावून घेण्याचं काम ज्यानं केलंय, त्याच्या पोटात इथेच गोळा येईल. स्टारवुडच्या बुकिंग डेटाबेसमध्ये २०१४पासून कुणीतरी शिरलेलं होतं. सौद्याच्या वेळी ते कुणाला दिसलं नाही आणि नंतरही दोन वर्षं दिसलं नाही. सप्टेंबर २०१८मध्ये एका संशयास्पद क्वेरीनं धोक्याची घंटा वाजवली. ३० नोव्हेंबरला कंपनीनं जाहीर केलं, तेव्हा आकडा होता ५० कोटी पाहुण्यांपर्यंतचा. पुढे तो जास्तीत जास्त ३८.३ कोटी नोंदींवर आला. त्यात ५० लाखांहून जास्त पासपोर्ट क्रमांक एन्क्रिप्ट न करता ठेवलेले होते.

मला राहून राहून १९९३ आठवतं. तेव्हा इमारती दुसरीकडे ढकलता आल्या, कर्जही ढकलता आलं. पाहुण्यांचा डेटा तसा ढकलता येईना, कारण उरलेल्या धंद्याचा तोच तर पाया होता. चोर शिरला तेव्हा घर स्टारवुडचं होतं, पण सिनेटसमोर उत्तरं द्यायला मार्च २०१९मध्ये बसले ते मॅरियटचे सीईओ आर्नी सोरेन्सन. ब्रिटनच्या नियामकानं २०२०मध्ये १ कोटी ८४ लाख पौंडांचा दंड केला, तोही मॅरियटलाच. त्यात हिशेब फक्त २५ मे २०१८नंतरच्या काळाचा होता, कारण नवा युरोपीय कायदा त्या दिवशी लागू झाला. त्याआधीची चार वर्षं त्या दंडात धरलीच गेली नाहीत.