न्यायालयाने मागितलेली कला : १९७० च्या दशकातील अमेरिकी कामपट

‘ब्लू फिल्म’ हा शब्द आपल्याकडे आवाज खाली घेऊनच उच्चारला जातो. त्यामुळे या चित्रपटांत काही कलामूल्य असते का, असा प्रश्न एखाद्या गंभीर बैठकीत निघालाच, तर दोन ठरावीक उत्तरे मिळतात. एक, हा विषय चर्चेच्या योग्यतेचा नाही. दुसरे, खजुराहोच्या आणि वात्स्यायनाच्या देशात इतका संकोच कशाला? दोन्ही उत्तरांची सोय अशी की, ती देण्यासाठी एकही चित्रपट पाहावा लागत नाही. प्रस्तुत लेखकानेही बरीच वर्षे यांपैकी पहिले उत्तर वापरले. पुढे चित्रपटांचा इतिहास वाचताना ध्यानात आले की, निदान एका देशात आणि एका दशकात हा प्रश्न अत्यंत गांभीर्याने विचारला गेला होता, आणि तो विचारणारे समीक्षक नव्हते, न्यायाधीश होते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या रॉथ खटल्यात अश्लील साहित्याला घटनेचे संरक्षण नाही असे सांगितले. परंतु अश्लील कशाला म्हणावे हा पेच त्यातून सुटला नाही. १९६६ साली ‘फॅनी हिल’ या अठराव्या शतकातील कादंबरीच्या खटल्यात निकष आणखी सैल झाला. एखादी कृती सामाजिक मूल्यापासून पूर्णतः वंचित असेल तरच ती अश्लील ठरेल, असे त्यातून निष्पन्न झाले. निर्मात्यांनी यातला ‘पूर्णतः’ हा शब्द नेमका हेरला. थोडेसे मूल्य पुरेसे असेल तर ते थोडेसे मिळवणे अवघड नव्हते. मग पांढरा डगला घातलेला डॉक्टर पडद्यावर येऊन वैवाहिक जीवनावर व्याख्यान देऊ लागला आणि प्रात्यक्षिके त्या व्याख्यानाच्या आधाराने दाखवली जाऊ लागली. डेन्मार्कने १९६९ साली दृश्य स्वरूपातील अश्लील सामग्रीवरील बंदी उठवली, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या अ‍ॅलेक्स डी रेन्झीने तिकडे जाऊन एक ‘माहितीपट’ तयार केला. माहिती कसली होती हे प्रेक्षकांना ठाऊक होते. म्हणजे या चित्रपटांत कथा, विचार किंवा निदान उपदेश जो शिरला, तो प्रथमतः वकिलाच्या सल्ल्याने शिरला. त्यांच्या कलामूल्याचा विचार करताना हे जन्मरहस्य विसरून चालणार नाही.

१२ जून १९७२ रोजी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअर परिसरातील एका चित्रपटगृहात ‘डीप थ्रोट’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शक जेरार्ड डॅमियानो हा पूर्वी केशरचनेचा व्यवसाय करीत असे. सुमारे तासाभराचा हा चित्रपट फ्लॉरिडात काही दिवसांत चित्रित झाला होता आणि त्याच्यामागे कोलंबो या माफिया टोळीशी संबंधित पेराइनो कुटुंबाचा पैसा होता. समाधान न लाभणारी एक तरुणी डॉक्टरकडे जाते आणि तिच्या देहरचनेत एक अचाट चमत्कार सापडतो, एवढेच कथानक. विनोद शाळकरी, अभिनय हौशी, छायाचित्रण कामचलाऊ. तरीही त्याला सुशिक्षित, प्रतिष्ठित स्त्रीपुरुषांनी उघडपणे रांगा लावल्या. जानेवारी १९७३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या रविवारच्या मासिकात या लाटेवर ‘पॉर्नो शीक’ या नावाने लेख आला. ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या संपादकवर्गातील एकाने वॉटरगेट प्रकरणातील गुप्त माहितगाराला याच चित्रपटाचे नाव दिले आणि ते नाव राजकीय इतिहासात कायम झाले. तो माहितगार म्हणजे मार्क फेल्ट, हे २००५ साली उघड झाले.

या चित्रपटावर न्यूयॉर्कमध्ये खटला झाला, तेव्हा आर्थर नाइट यांच्यासारख्या मान्यवर चित्रपट-समीक्षकाने बचावाच्या बाजूने साक्ष दिली. १ मार्च १९७३ रोजी न्यायाधीश जोएल टायलर यांनी चित्रपट अश्लील ठरवला. शिकागोच्या रॉजर इबर्ट यांनी आपल्या परीक्षणात त्याला एकही तारका दिली नाही, आणि माझ्या मते खटल्यातल्या सगळ्या विद्वत्तेपेक्षा तो निर्णय अधिक खरा होता. ‘डीप थ्रोट’ हा महत्त्वाचा चित्रपट आहे, चांगला चित्रपट नाही. साहित्याच्या इतिहासातही अशी पुस्तके असतात. ती का गाजली हे सांगता येते, ती पुन्हा वाचवत नाहीत.

२१ जून १९७३ रोजी मिलर खटल्याचा निकाल पाच विरुद्ध चार मतांनी लागला आणि हवा बदलली. आता किंचित मूल्य पुरेसे नव्हते; साहित्य, कला, राजकारण किंवा विज्ञान यांच्या दृष्टीने ‘गंभीर’ मूल्य हवे होते, आणि काय बीभत्स हे स्थानिक समाजाच्या मापाने ठरायचे होते. याच आधारावर ‘डीप थ्रोट’मधील डॉक्टर साकारणाऱ्या हॅरी रीम्सला १९७६ साली मेम्फिसच्या न्यायालयात दोषी ठरवले गेले, भूमिका करणे हाच त्याचा गुन्हा. चित्रीकरण मिलर निकालाच्या आधीचे असल्याने पुढच्या वर्षी तो निकाल टिकला नाही.

मराठी वाचकाला न्यायालय समीक्षकाच्या खुर्चीत बसलेले पाहणे नवे नाही. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’चा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली त्यांची निर्दोष मुक्तता झाली. टाइम्स स्क्वेअरमध्ये रांगा लागल्या त्याच १९७२ साली आपल्याकडे ‘सखाराम बाइंडर’वर वादळ उठले होते. दोन्ही घटनांची तुलना करण्याचा हेतू नाही. तेंडुलकरांचे नाटक आणि डॅमियानोचा चित्रपट एका तागडीत घालणे हा अन्याय होईल. एवढेच म्हणायचे आहे की, ‘हे अश्लील आहे की कला?’ अशा द्वंद्वातच विचार करण्याची सवय दोन्हीकडे न्यायालयांनी लावली. एखादी कृती अश्लीलही असू शकते आणि कलाही, किंवा दोन्हीपैकी काहीच नसू शकते, हा पर्याय खटल्यात बसत नाही.

तो पर्याय खरा असल्याचे उदाहरण त्याच डॅमियानोने पुढच्याच वर्षी दिले. ‘द डेव्हिल इन मिस जोन्स’ (१९७३) ची नायिका जस्टिन जोन्स ही एकाकी, अविवाहित, निष्कलंक आयुष्य जगलेली प्रौढ स्त्री आहे. ती आत्महत्या करते. परलोकाच्या उंबरठ्यावर तिला कळते की, तिच्या हातून घडलेले एकमेव पाप म्हणजे हा मृत्यू. परंतु तेवढ्यामुळे स्वर्ग तिला बंद झाला आहे. नरकच भोगायचा तर तो निदान कमावलेला असावा, असा तिचा युक्तिवाद. थोडा अवधी मागून घेऊन ती वासनेच्या वाटेने तो कमावते. शेवटी ती एका बंद खोलीत पोहोचते. तिथे एक पुरुष आहे आणि त्याला तिच्याकडे पाहायलाही सवड नाही. तो न दिसणाऱ्या माशांच्या आवाजाकडे कान लावून बसला आहे. पेटलेली ती आणि विझलेला तो, अनंतकाळ. सार्त्रच्या १९४४ च्या नाटकातील बंद खोलीची सावली इथे स्पष्ट आहे. त्या पुरुषाची भूमिका स्वतः डॅमियानोने केली आहे.

मिस जोन्स झालेली जॉर्जिना स्पेल्व्हिन ही रंगभूमीवरून आलेली, पस्तिशी ओलांडलेली नटी. तिने सांगितल्याप्रमाणे ती या चित्रपटाच्या चमूत स्वयंपाकाची व्यवस्था पाहण्यासाठी आली होती. तिचा चेहरा सुंदर म्हणण्यासारखा नाही, थकलेला आहे, आणि चित्रपटाचे सामर्थ्य त्या थकव्यात आहे. सुरुवातीचा बराच काळ प्रेक्षकाला हवे ते काहीच घडत नाही. घडू लागते तेव्हाही शरीराबरोबर चेहरा दिसत राहतो, आणि त्यावर सुखापेक्षा घाई अधिक आहे. उत्तेजित होण्यासाठी तिकीट काढून आलेल्या माणसाला अखेरीस तृप्तीची अशक्यता दाखवून घरी पाठवणे, हे धाडस व्यवसायाच्या दृष्टीने वेडेपणाचे होते. इबर्ट यांनी याला तीन तारका दिल्या. मधले काही प्रवेश यांत्रिक आणि लांबलेले आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु पहिली आणि शेवटची काही मिनिटे कोणत्याही चित्रपटाला शोभावीत अशी आहेत.

करमणुकीच्या बाजूने पाहायचे तर रॅडली मेट्झगर (१९२९–२०१७) याचे नाव घ्यावे लागते. युरोपीय चित्रपटांच्या जाहिरात-फिती संकलित करीत तो वाढला, स्वतःची वितरणसंस्था चालवली, सुखवस्तू शैलीचे शृंगारिक चित्रपट केले आणि पुढे ‘हेन्री पॅरिस’ या टोपणनावाने उघड कामपट काढले. ‘द ओपनिंग ऑफ मिस्टी बीथोव्हन’ (१९७६) हा शॉच्या ‘पिग्मॅलियन’वर बेतलेला आहे. ‘ती फुलराणी’मुळे हे कथानक आपल्याला घरचेच वाटेल. संवादांना धार आहे, पोशाखांना नजाकत आहे, आणि शेवटी गुरूला शिष्येच्या पायाशी बसवण्याचा खट्याळपणाही आहे. लिंडा विल्यम्स या अभ्यासिकेने १९८९ च्या आपल्या ‘हार्ड कोर’ या ग्रंथात या चित्रप्रकाराची तुलना संगीतपटाशी केली. गाणे सुरू झाले की कथा थांबते, पण चांगल्या संगीतपटात ते गाणेच कथेचा तंटा सोडवते. आपल्या संगीत नाटकांचे प्रेक्षक हा मुद्दा चटकन समजतील. पदासाठी नाटक की नाटकासाठी पद, हा वाद आपण पिढ्यान्‌पिढ्या घातला आहे. मेट्झगरला पद कुठे यावे हे कळत होते. बहुतेकांना कळत नव्हते.

इतर धागे इथे केवळ सुचवतो. ब्रॉडवेवरील नर्तक वेकफील्ड पूल याचा ‘बॉईज इन द सँड’ डिसेंबर १९७१ मध्ये, म्हणजे ‘डीप थ्रोट’च्याही आधी, न्यूयॉर्कला झळकला. समलिंगी पुरुषांच्या, पुढे एड्सने उद्ध्वस्त केलेल्या एका जगाचे उन्हाळी चित्रण म्हणून तो आज वेगळाच भासतो. जपानच्या निक्कात्सु कंपनीने १९७१ ते १९८८ या काळात ठरावीक अंतराने शृंगारप्रसंग येतील एवढी अट घालून बाकी मोकळीक दिली, आणि कुमाशिरोसारख्या दिग्दर्शकाने तिचे सोने केले.

आता ज्या प्रश्नामुळे हा लेख सहज लिहून झाला नाही, त्याकडे येतो. ‘डीप थ्रोट’ची नायिका लिंडा लव्हलेस, मूळची लिंडा बोरमन, हिने १९८० साली ‘ऑर्डील’ हे आत्मकथन प्रसिद्ध केले. पती चक ट्रेनर आपल्याला मारहाण करून, बंदुकीच्या धाकाने हे काम करायला लावत होता, असे तिने त्यात सांगितले. चित्रपटात अंगावरचे वळ दिसतात याकडेही तिने लक्ष वेधले. कामाबद्दलचे १,२५० डॉलर ट्रेनरने घेतले, असे तिचे म्हणणे. १९८६ साली तिने मीस आयोगापुढे साक्ष दिली. २००२ साली मोटार अपघातानंतर तिचा मृत्यू झाला. चित्रीकरणाच्या जागी प्रत्यक्ष जबरदस्ती झाली का, याविषयी सहकाऱ्यांनी वेगळी साक्ष दिली आहे. ट्रेनर तिला मारत असे, हे मात्र त्यांच्यातल्यांनीही मान्य केले.

१९७२ च्या प्रेक्षकांना हे ठाऊक नव्हते, आपल्याला आहे. कलाकृतीचा विचार कर्त्याच्या चरित्रापासून अलग करावा, हे मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. कादंबरीत मार खाणारी स्त्री कागदाची असते. इथे शरीर कागदाचे नाही. कॅमेऱ्याने जे टिपले ते घडलेले आहे, म्हणून इथे ‘संमती होती का?’ हा प्रश्न समीक्षेबाहेरचा राहत नाही. पडद्यावरच्या हसण्याचा अर्थच त्यावर ठरतो. ‘डीप थ्रोट’चा विनोद मला आधीही फिका वाटला होता, आता तो पाहवत नाही. स्पेल्व्हिनने मात्र वार्धक्यात आपल्या कामाविषयी ताठ मानेने आणि मिस्किलपणे लिहिले. दोन्ही बायकांचा दिग्दर्शक एकच होता.

व्हिडिओ कॅसेट आली आणि ८० च्या दशकात हे चित्रपट चित्रगृहातून दिवाणखान्यात गेले. फितीवर खर्च करण्याची गरज संपली, कथेचीही. बऱ्याच मूळ फिती गोदामांत सडल्या. सेल्युलोज अ‍ॅसिटेटची फीत सडू लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. त्या रोगाचेच ‘व्हिनेगर सिंड्रोम’ हे नाव घेऊन २०१२ साली अमेरिकेत एक कंपनी सुरू झाली आणि तिने असे अनेक चित्रपट दुरुस्त करून पुन्हा उपलब्ध केले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये मेट्झगरचा पुनरावलोकन-महोत्सव झाला. २०२२ साली, प्रदर्शनाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, डॅमियानोच्या मुलांनी ‘डीप थ्रोट’ची स्वच्छ केलेली प्रत पुन्हा प्रेक्षकांपुढे आणली. नव्या प्रतीत चित्र पूर्वीपेक्षा बरेच स्पष्ट झाले आहे, आणि वळही.