वातानुकूलन, नलिकाविरहित घरगुती

वातानुकूलन, नलिकाविरहित घरगुती : घराच्या भिंतींत वा छतात वातनलिकांचे जाळे न घालता, प्रशीतकाच्या बारीक तांब्याच्या नळ्यांनी जोडलेल्या आतील व बाहेरील अशा दोन संचांच्या साहाय्याने एखाद्या खोलीतील हवेचे तापमान व आर्द्रता नियंत्रित करण्याच्या पद्धतीस नलिकाविरहित वातानुकूलन म्हणतात. व्यवहारात हे यंत्र ‘स्प्लिट एसी’ या नावाने ओळखले जाते. प्रस्तुत नोंदीत या पद्धतीचा विकास तिच्या बसवणीच्या खर्चाच्या अनुषंगाने दिला आहे. घरातील हवा गार करण्याचे शास्त्रीय तत्त्व विसाव्या शतकाच्या आरंभीच हाती आले होते. परंतु ते सामान्य कुटुंबापर्यंत पोहोचण्यास सु. शंभर वर्षे लागली. या विलंबाचे मुख्य कारण तंत्राची उणीव हे नसून खर्च हे होते.

तत्त्व : प्रशीतकाचे बाष्पीभवन होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो आणि संघनन होताना ती बाहेर टाकतो. आतील संचात बाष्पित्र व पंखा आणि बाहेरील संचात संपीडक, संघनक व दुसरा पंखा असतो. या दोहोंच्या दरम्यान प्रसरण झडप किंवा केशनलिका असते. यंत्र थंडी निर्माण करीत नाही. ते खोलीतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते आणि त्यासाठी खर्च झालेली वीजही अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेरच पडते. यंत्राची क्षमता ‘टन’ या एककात सांगण्याची प्रथा बर्फाच्या व्यापारातून आली. २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळताना जितक्या दराने उष्णता शोषली जाते तो दर म्हणजे एक टन प्रशीतन. आधुनिक परिमाणात तो सु. ३.५ किवॉ. भरतो.

पूर्वपीठिका : यांत्रिक प्रशीतनापूर्वी गारवा ही वाहून आणावयाची वस्तू होती. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने पाठविलेला बॉस्टनचा बर्फ १८३३ मध्ये जहाजाने कलकत्त्यास पोहोचला. जॉन गोरी यांनी १८५१ मध्ये अमेरिकेत बर्फ तयार करणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळविले. मुंबई–पेशावर धावणाऱ्या फ्रंटियर मेल गाडीला १९३४ मध्ये जोडलेला वातानुकूलित डबादेखील बर्फाच्या लाद्यांनीच गार केला जात असे. 

आधुनिक वातानुकूलनाचा प्रारंभ मानवी सुखासाठी झाला नाही. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद आखडत व प्रसरत असे आणि त्यामुळे रंगीत छपाईतील रंग एकमेकांवर नीट बसत नसत. ही अडचण दूर करण्यासाठी विलिस कॅरिअर यांनी १९०२ मध्ये आर्द्रता नियंत्रित करणाऱ्या यंत्रणेचा आराखडा तयार केला. ‘एअर कंडिशनिंग’ ही संज्ञा स्ट्युअर्ट क्रेमर यांनी १९०६ मध्ये कापडगिरण्यांच्या संदर्भात प्रथम वापरली. घरात वातानुकूलनाचा प्रवेश १९१४ मध्ये मिनीॲपोलिस येथील चार्ल्स गेट्स यांच्या प्रासादतुल्य घरात झाला. तेथील यंत्र सु. २ मी. उंच, १.८ मी. रुंद व ६ मी. लांब होते. असे यंत्र बसविण्यासाठी स्वतंत्र दालन लागे. म्हणजे यंत्राबरोबर इमारतीचाही खर्च करावा लागे.

विलग संच व खिडकी यंत्र : खर्च कमी करण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न फ्रिजिडेअर कंपनीने १९२९ मध्ये केला. तिचा खोली-शीतक रेडिओच्या कपाटाच्या आकाराचा होता आणि त्याचा संघनक संच वेगळा, दूर ठेवलेला असे. आजच्या विलग संचाची कल्पना त्यात दिसून येते. परंतु तो जड व महाग असल्याने त्याचा प्रसार झाला नाही. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील फ्रँक फाउस्ट यांनी सर्व भाग एकाच पेटीत सामावणारी रचना केली व १९३०–३१ मध्ये तिचे ३२ नमुने तयार करण्यात आले. याच सुमारास टॉमस मिजली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्वलनशील नसलेली क्लोरोफ्ल्युओरोकार्बन प्रशीतके शोधून काढली. अमोनिया वा सल्फर डाय-ऑक्साइड यांसारख्या विषारी वायूंचे भय त्यामुळे नाहीसे झाले व यंत्र राहत्या खोलीत ठेवणे शक्य झाले. या सुरक्षिततेची किंमत पुढे ओझोन थराच्या ऱ्हासाच्या रूपाने चुकवावी लागली. 

खिडकीच्या कट्ट्यावर बसणारी यंत्रे १९३२ मध्ये बाजारात आली. तथापि किंमत फार असल्याने ती थोडीच खपली. हेन्री गॅल्सन यांनी आटोपशीर व स्वस्त खिडकी यंत्र तयार केल्यावर १९४७ मध्ये अशी ४३,००० यंत्रे विकली गेली. घराची मोडतोड न करता वातानुकूलन करता येते, हे या यंत्राने प्रथम सिद्ध केले. यानंतर अमेरिकेत मात्र नव्या घरांतून वातनलिकायुक्त केंद्रीय वातानुकूलन रूढ झाले. लाकडी बांधणीच्या, पोटमाळ्याच्या व तळघराच्या घरांत आधीच उष्ण हवेच्या नलिका असल्याने त्याच नलिकांतून थंड हवा खेळविणे सोयीचे ठरले.

जपानमधील विकास : जपानमधील घरांची परिस्थिती निराळी होती. लहान खोल्या, पातळ भिंती, सरकत्या खिडक्या आणि वापरात असलेली खोलीच तेवढी उबदार किंवा गार ठेवण्याची सवय यांमुळे तेथे नलिकांचे जाळेही सोयीचे नव्हते व खिडकी यंत्रही. तोशिबा कंपनीने १९६१ मध्ये घरगुती विलग संच बाजारात आणला. गोंगाट करणारा संपीडक घराबाहेर गेला आणि भिंतीला सु. ६ ते ७ सेंमी. व्यासाचे एक भोक पाडले की काम भागू लागले. १९६० नंतरच्या दशकात रंगीत दूरचित्रवाणी संच, मोटारगाडी व ‘कूलर’ ही तीन जपानी मध्यमवर्गाच्या समृद्धीची लक्षणे मानली जात. 

यापुढील टप्पा चालविण्याच्या खर्चाशी निगडित होता. जुन्या यंत्रातील संपीडक एक तर पूर्ण वेगाने चाले किंवा पूर्ण बंद होई. विजेच्या प्रवाहाची कंप्रता बदलून संपीडकाच्या चलित्राचा वेग खोलीच्या गरजेप्रमाणे कमीजास्त करणारी ‘इन्व्हर्टर’ यंत्रे तोशिबाने १९८०–८१ मध्ये विकसित केली. १९७३ व १९७९ च्या तेलसंकटांमुळे इंधन आयात करणाऱ्या या देशात वीजबचतीला आलेले महत्त्व या संशोधनामागे होते.

भारत : भारतात १९३० नंतरच्या दशकात मुंबईची काही चित्रपटगृहे, हॉटेले व कार्यालये यांत वातानुकूलनाचा प्रवेश झाला. १९४३ मध्ये ब्लू स्टार व १९५४ मध्ये व्होल्टास या कंपन्या मुंबईत स्थापन झाल्या. तथापि दीर्घकाळ वातानुकूलन यंत्र ही चैनीची वस्तू समजून तिच्यावर जबर उत्पादनशुल्क आकारले जात असे. त्यामुळे घरगुती ग्राहक मोजकेच राहिले. १९९१ नंतरच्या उदार आर्थिक धोरणामुळे शुल्के उतरली, परदेशी कंपन्या आल्या आणि पुढील दोन दशकांत विलग संचाने खिडकी यंत्रास मागे टाकले. मुंबईसारख्या शहरातील एकाच खिडकीच्या खोलीत उजेडाचा व वाऱ्याचा मार्ग न अडविणारे यंत्र अधिक सोयीचे होते. १ जुलै २०१७ पासून वातानुकूलन यंत्रांवर २८% वस्तू व सेवा कर लागू झाला. तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८% करण्यात आला. चैनीची वस्तू ही जुनी समजूत बदलत गेल्याचे हे गमक मानता येईल.

हवामानाचाही खर्चाशी निकटचा संबंध आहे. नागपूर, चंद्रपूर, अकोला या विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारे वाळ्याचे पडदे व कूलर अल्प खर्चात परिणामकारक ठरतात. मुंबई व कोकण येथील दमट हवेत बाष्पीभवन मंदावते आणि कूलर निरुपयोगी होतो. तेथे यांत्रिक वातानुकूलनास स्वस्त पर्याय जवळजवळ नाही.

बसवणीचा खर्च : भारतात दीड टनाच्या विलग संचाची किंमत साधारणतः ३० ते ५० हजार रुपयांच्या दरम्यान असते. बसवणीचा खर्च त्याहून वेगळा असून तो पुढील बाबींवर अवलंबून असतो : दोन संचांमधील अंतर व त्याप्रमाणे लागणारी तांब्याची नळी आणि तिचे उष्णतारोधक वेष्टन, बाहेरील संचासाठी लोखंडी ब्रॅकेट, भिंतीतील भोक, साठलेले पाणी वाहून नेणारी नळी, स्वतंत्र जाड वायर, मंडल-खंडक (एमसीबी) व भूसंपर्कन (अर्थिंग). यंत्राबरोबर साधारणतः ३ मी. नळी मिळते, त्यापुढील प्रत्येक मीटरचा आकार निराळा पडतो. म्हणून दोन संचांच्या जागा आधी विचारपूर्वक ठरविणे ही काटकसरीची पहिली पायरी होय. अंतर वाढल्यास केवळ तांब्याचा खर्च वाढतो असे नाही, तर यंत्राची कार्यक्षमताही घटते.

नळ्या जोडल्यानंतर निर्वात पंपाने त्यांतील हवा व बाष्प काढून टाकणे आवश्यक असते. घाईत ही क्रिया वगळल्यास आत राहिलेल्या ओलाव्यामुळे संपीडकाचे आयुष्य कमी होते व विजेचे देयक वाढते. बसवणीत वाचविलेली रक्कम पुढे कित्येक पटींनी खर्च होते. उंच इमारतींत बाहेरील संच बसविणारा कारागीर अनेकदा पुरेशा सुरक्षासाधनांवाचून अरुंद छज्जावर उभा राहून काम करतो. मजुरी कमी ठेवण्यासाठी पत्करलेला हा धोका कोणत्याही देयकात नोंदला जात नाही.

अमेरिकेत खर्चाची विभागणी उलट आहे. एका खोलीची नलिकाविरहित यंत्रणा बसविण्यास तेथे कित्येक हजार डॉलर लागतात व त्यात मजुरीचा वाटा मोठा असतो. प्रशीतक हाताळणाऱ्या तंत्रज्ञास संघराज्याच्या स्वच्छ हवा कायद्याखाली प्रमाणपत्र घ्यावे लागते, तसेच बहुधा स्वतंत्र विद्युत्‌मंडल घालावे लागते. तरीही नलिका नसलेल्या जुन्या घरात नव्याने नलिका घालण्यापेक्षा ही पद्धत सामान्यतः स्वस्त पडते. शिवाय उष्ण पोटमाळ्यातून जाणाऱ्या नलिकांत ३० टक्क्यांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक ऊर्जा वाया जाऊ शकते, तीही वाचते. हेच यंत्र उलट दिशेने चालवून हिवाळ्यात घर उबदार ठेवता येते. मेन या थंड राज्याने २०१९ मध्ये असे १ लक्ष उष्णतापंप २०२५ पर्यंत बसविण्याचे ठरविले होते. ते उद्दिष्ट २०२३ मध्येच पूर्ण झाले.

चालविण्याचा खर्च : यंत्राच्या आयुष्यभराच्या खर्चात विजेचा वाटा बहुधा खरेदी व बसवणी यांच्या एकत्रित खर्चाहून मोठा असतो. दीड टन म्हणजे सु. ५.३ किवॉ. दराने उष्णता बाहेर टाकण्यासाठी ३.५ कार्यक्षमता गुणोत्तराच्या यंत्रास सु. १.५ किवॉ., तर ५ गुणोत्तराच्या यंत्रास सु. १.०५ किवॉ. वीज लागते. पूर्ण भाराने १,००० तास चालल्यास दोहोंतील फरक सु. ४५० युनिट होतो. प्रतियुनिट ८ रु. दर धरल्यास वर्षाला सु. ३,६०० रु. आणि दहा वर्षांत ३६,००० रु., म्हणजे जवळजवळ एका नव्या यंत्राची किंमत वाचते. मात्र दरवर्षी थोडेच तास वापर असल्यास महाग यंत्राची जादा किंमत भरून निघत नाही.

हा फरक ग्राहकास समजावा म्हणून ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००६ मध्ये तारांकन योजना सुरू केली. खोली-वातानुकूलन यंत्रांसाठी ती २०१० मध्ये सक्तीची झाली. २०१८ पासून सर्व ऋतूंतील बदलत्या तापमानाचा विचार करणारे हंगामी गुणोत्तर लागू करण्यात आले. १ जानेवारी २०२० पासून नवी यंत्रे सुरू करताच २४° से. तापमान दाखवतील अशी व्यवस्था बंधनकारक झाली. यंत्राइतकीच घराची रचनाही महत्त्वाची आहे. गच्चीला पांढरा परावर्तक लेप देणे, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून छाया करणे व फटी बुजविणे या अल्पखर्ची उपायांनी लागणारी क्षमताच कमी होते.

सामाजिक व पर्यावरणीय किंमत : भारत शीतन कृती योजना मार्च २०१९ मध्ये जाहीर झाली, तेव्हा देशातील सु. ८% कुटुंबांकडेच वातानुकूलन यंत्र होते. दुसरीकडे, मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत एकट्या अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ अधिक मृत्यू झाल्याचे अभ्यासात आढळले व त्यातून २०१३ मध्ये त्या शहराची उष्णता कृती योजना आकारास आली. गारवा हा आता केवळ सुखसोयीचा विषय राहिलेला नसून आरोग्याचाही झाला आहे. ज्यांस तो परवडतो त्यांच्या खोलीतील उष्णता ज्यांस परवडत नाही त्यांच्या गल्लीत सोडली जाते, हा या यंत्राच्या प्रसारातील मूलभूत अंतर्विरोध होय.

प्रशीतकांच्या बाबतीतही खर्चाचे असेच स्थलांतर झाले. १९८७ च्या माँट्रिऑल करारानुसार ओझोननाशक प्रशीतके टप्प्याटप्प्याने हटविण्यात आली. परंतु त्यांच्या जागी आलेल्या आर-४१०ए या मिश्रणाची तापनवृद्धीची क्षमता कार्बन डाय-ऑक्साइडच्या सु. २,०८८ पट आहे. आर-३२ ची ६७५ पट, तर आर-२९० म्हणजे प्रोपेनची अत्यल्प आहे; मात्र आर-३२ किंचित व प्रोपेन पूर्णपणे ज्वलनशील असल्याने कुशल बसवणीचे महत्त्व वाढते. २०१६ च्या किगाली दुरुस्तीस भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली असून तीनुसार हायड्रोफ्ल्युओरोकार्बनांचा वापर २०३२ पासून घटवीत २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी करावयाचा आहे.

एकंदरीत घरगुती वातानुकूलनाच्या इतिहासात खर्च नाहीसा झालेला नाही, तर त्याचे स्थान बदलत गेले. प्रथम तो इमारतीवर पडे, नंतर यंत्राच्या किमतीत आला, पुढे विजेच्या देयकात गेला आणि त्याचा मोठा भाग आता वातावरण व शेजारी यांच्याकडे वळला आहे. बसवणीच्या खर्चाचा अंदाज करताना या सर्व बाबी एकत्रितपणे विचारात घेणे इष्ट ठरते.