आफ्रिकन सफारी: सिंहापेक्षा जास्त काळजी कशाची घ्यायची?

रात्री तंबूबाहेर सिंह आला तर? आफ्रिकन सफारीचं बुकिंग झालं की घरातून पहिला प्रश्न बहुतेक हाच येतो. केनियातलं मसाई मारा असो की टांझानियातलं सेरेंगेटी, प्राण्यांची भीती वाटणं साहजिक आहे. पण सहल बिघडते ती बहुतेक वेळा रस्ता, डास, बॅग आणि कागदपत्रांमुळे. यातल्या बऱ्याच गोष्टींची तयारी घरी बसूनच करता येते.

प्राण्यांपासून धोका कधी असतो?

गाडीत बसून राहिलात तर धोका खूपच कमी असतो. इथल्या प्राण्यांना गाड्यांची सवय झालेली असते. धोका वाढतो तो खाली उतरल्यावर. जुलै २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या पिलानेसबर्ग इथे एक स्पॅनिश पर्यटक फोटो काढण्यासाठी गाडीतून उतरून हत्तींच्या कळपाजवळ गेला आणि हत्तींच्या हल्ल्यात त्याचा मृत्यू झाला.

अनेक कॅम्पना कुंपण नसतं. रात्री पाणघोडे चरायला बाहेर येतात. त्यामुळे अंधार पडल्यावर जेवणाच्या तंबूपर्यंत जायचं असलं, तरी पहारेकऱ्याला सोबत घ्या. केनिया-टांझानियात त्याला 'अस्कारी' म्हणतात. तंबूची चेन पूर्ण लावा आणि आत खाऊ उघडा ठेवू नका.

मग जास्त धोका कशाचा?

रस्त्याचा. जून २०२५ मध्ये कतारहून केनिया फिरायला आलेल्या २८ भारतीयांच्या गटाची बस दरीत कोसळली. त्यात पाच भारतीयांचा मृत्यू झाला.

नैरोबी ते मसाई मारा हा प्रवास साधारण पाच ते सहा तासांचा आहे. बुकिंग करतानाच टूर कंपनीला तीन प्रश्न विचारा. प्रत्येक सीटला चालू सीटबेल्ट आहे का? रात्रीचा प्रवास आहे का? ड्रायव्हरला विश्रांती मिळते का? सकाळी जंगलातून निघून त्याच संध्याकाळी भारताचं विमान पकडायचा बेत शक्यतो नको. शेवटची रात्र नैरोबीत काढली, तर वाटेत टायर पंक्चर झाला तरी विमान चुकत नाही.

गाडी चिखलात रुतली तर?

मसाई मारात बऱ्याच भागात आपल्याकडच्या कापसाच्या रानासारखी काळी माती आहे. पाऊस पडला की ती चिकट होते आणि फोर-व्हील ड्राइव्ह गाडीही रुतते. मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ, तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये छोटा पाऊस असतो. गाडी अडकली तर गाईड सांगेपर्यंत उतरू नका. तो वायरलेसवर दुसरी गाडी बोलावतो. पाणी, बिस्किटं, रोजची औषधं आणि चार्ज केलेली पॉवर बँक गाडीतच जवळ ठेवा.

बॅगेत काय चालत नाही?

लाडू-चिवडा जरूर न्या, पण प्लास्टिकच्या कॅरीबॅगमध्ये नको. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे. कापडी पिशव्या आणि डबे वापरा.

छोट्या विमानाने मारात जाणार असाल, तर सामानाची मर्यादा सहसा १५ किलो असते. बॅगही मऊ लागते, कडक सूटकेस चालत नाही. मोठी बॅग वेळेवर पोहोचली नाही तरी अडू नये, म्हणून औषधं, चष्मा आणि एक जोडी कपडे हातातल्या बॅगेत ठेवा. गडद निळे आणि काळे कपडे टाळा. त्या रंगांकडे त्सेत्से माश्या आकर्षित होतात आणि त्यांचा चावा चांगलाच दुखतो.

लस कधी घ्यायची?

केनियाला जाताना यलो फीवरची लस घ्या. हे प्रमाणपत्र नसेल, तर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी वैध होतं आणि मग आयुष्यभर चालतं. वय ६० पेक्षा जास्त असेल, अंड्याची ॲलर्जी असेल किंवा गर्भवती असाल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

तिथे आजारी पडलो किंवा पासपोर्ट हरवला तर?

जंगलापासून मोठं रुग्णालय लांब असतं. म्हणून प्रवास विम्यात हवाई मार्गाने रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलेला आहे का, ते तपासा. बीपी, डायबेटिस असेल तर फॉर्ममध्ये लपवू नका, नाहीतर क्लेम नाकारला जाऊ शकतो.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार करा आणि तिची प्रत घेऊन भारतीय उच्चायुक्तालय गाठा. केनियात ते नैरोबीला आणि टांझानियात दार-एस-सलामला आहे. परतण्यासाठी तिथून इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळू शकतं. पासपोर्ट, व्हिसा किंवा ई-टीए आणि विम्याचे फोटो घरच्या एका माणसाकडेही पाठवून ठेवा.

परत आल्यावर ताप आला तर?

ही गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. मलेरियाची प्रतिबंधक गोळी प्रवासाआधी सुरू करायची असते आणि परतल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेले दिवस घ्यायची असते. घरी पोहोचलो म्हणून ती मध्येच थांबवू नका. गोळ्या घेऊनही मलेरिया होऊ शकतो आणि ताप परतल्यावर काही आठवड्यांनीही येऊ शकतो. आफ्रिकेत प्रामुख्याने आढळणारा फाल्सिपेरम मलेरिया झपाट्याने गंभीर होतो. त्यामुळे 'व्हायरल असेल' म्हणून घरी थांबू नका. त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, "मी आफ्रिकेला जाऊन आलोय."